कुंचल्याचं टोक

थोरल्या बाईंनी डोळे मिटले, की भुवईताई कुंचला तोंडात घालायची.

हे इतक्या सहज व्हायचं, की शेजारी बसलेल्यालाही पत्ता लागायचा नाही. काळ्या रंगाच्या वडीवर ओला कुंचला फिरवायचा, ओठांच्या चिमटीत धरून हळूच बाहेर ओढायचा, केसांचं सुईसारखं टोक झालं की पापणीच्या मुळाशी टेकवायचा, आणि नाकाकडून कानाकडे एका श्वासात रेघ न्यायची. रेघ पुरी होईपर्यंत बाई श्वास घ्यायच्या नाहीत आणि ताईही घ्यायची नाही. मग दोघी एकदम श्वास सोडायच्या आणि आरशापुढे सांडलेली पावडर भुरकन उडायची.

ही रीत तिला रंगभूषा शिकवणाऱ्या मास्तरांची. शाळा अर्धवट टाकून ती रंगपटात शिकायला आली तेव्हा मास्तरांनी तिच्यापुढची पाण्याची वाटी उचलून खिडकीबाहेर रिकामी केली होती. पाण्याने कुंचला भिजतो, एवढंच. रंग पातळ झालाय की दाट, एखादा केस वाकडा निघालाय का, हे कळायचं तर कुंचला जिभेवरून गेला पाहिजे, असं मास्तरांचं म्हणणं. त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं कुठेही भेटली तरी ओळखू यायची. प्रत्येकाच्या खालच्या ओठावर मधोमध एक काळसर ठिपका असायचा. ताईचाही होता. लग्न ठरवायला आलेल्या सासूने तो जन्मखूण समजून मनावर घेतला नव्हता.

भुवईताई हे नाव नाटक कंपनीने ठेवलेलं. ही बाई कुणालाही भेटली की आधी त्याच्या भुवयांकडे बघायची, मग माणसाकडे. बँकेतल्या साहेबाबद्दल ती म्हणाली होती, भुवया राजाच्या आहेत पण हनुवटी पहारेकऱ्याची, याला कुणी बढती देणार नाही. त्याला खरंच मिळाली नाही, तेव्हापासून कंपनीतली निम्मी माणसं तिला भविष्य विचारायची.

आता तिच्या खुर्चीवर बसायला थोरल्या बाईंशिवाय कुणी उरलं नव्हतं. नव्या मुली आपापली पाकिटं घेऊन यायच्या. त्यातल्या एकीने एकदा अगदी गोड आवाजात विचारलं होतं, "ताई, तुम्ही ब्रश चाटता?" चाटता हा शब्द ताईला चावलाच. दुसऱ्या दिवशी ती मुलगी स्वतःचा ब्रश घेऊन आली, मग तिची मैत्रीण, मग सगळ्याच. ताईने बोभाटा केला नाही. पोरींचं चुकतंय असंही तिला मनापासून म्हणता येईना. थोरल्या बाई, कंपनीतल्या सर्वांत जुन्या नटी, मात्र तिच्याशिवाय कुणाला चेहऱ्याला हात लावू देत नव्हत्या. वयाची सत्तरी आली होती, पापण्या सैल होऊन सुरकुतल्या होत्या, आणि त्या सुरकुत्यांवरून न अडखळता रेघ नेणारा दुसरा हात त्यांना माहीत नव्हता. "माझं तोंड तुझ्या स्वाधीन," त्या म्हणायच्या, "फक्त बोलायचं तेवढं माझ्याकडे ठेव."

ताईकडे उरलेलं काम एवढंच, आणि तिला ते सोडायचं नव्हतं.

दुखणं जुनं होतं. पोट फुगायचं, सारखं तोंड यायचं, केस मुठीने गळायचे, रंगपटाचा जिना चढताना मध्ये भिंतीला टेकावं लागायचं. प्रत्येकाने आपापलं औषध सुचवलं आणि तिने प्रत्येकाचं मन राखलं. शेवटी एका तरुण डॉक्टरणीने रक्त तपासून सांगितलं की गहू आणि जव यांच्यात ग्लुटेन म्हणून जे चिकट द्रव्य असतं, ते तुमच्या आतड्याला सोसत नाही. आयुष्यभर गहू बंद. चिमूटभरसुद्धा नाही.

हे ऐकायला सोबत वन्सं होत्या. वन्सं म्हणजे ताईची नणंद. कंपनीचा कपडेपट सांभाळता सांभाळता म्हाताऱ्या झालेल्या, बिनलग्नाच्या, तोंडाने तिखट. ताईचा नवरा गेल्यावर दोन खोल्यांत या दोघीच उरल्या. भाऊ गेला आणि बायको माझ्या गळ्यात मारून गेला, असं वन्सं चारचौघांत म्हणायच्या, आणि कुणी मान डोलावली की त्याच्यावरच उखडायच्या. डॉक्टरणीकडून आल्या त्या थेट स्वयंपाकघरात शिरल्या. पिठाचा डबा शेजारी गेला, बिस्किटं गेली, चाळण गेली, लाटणं गेलं, फळीवरचे कागद बदलले. तळायच्या चकत्या-नळ्यांची पाकिटं टाकताना त्या म्हणाल्या की या घरात आता गव्हाला सुतकातल्या माणसासारखं बाहेरच बसावं लागेल.

वर्षाने पुन्हा रक्त तपासलं. आकडा जेमतेम हलला होता. डॉक्टरणीने कागदावरून नजर उचलून, बाहेरचं काही खाता का, असं विचारलं. वन्संना ते अंगावर आल्यासारखं झालं. "डॉक्टर, माझ्या स्वयंपाकघरात मुंगीसुद्धा मला विचारून येते," त्या म्हणाल्या.

डॉक्टरीण हसली नाही. मग खाण्याशिवाय तोंडात काय काय जातं ते आठवा, म्हणाली. औषधाची गोळी, टूथपेस्ट, लिपस्टिक, हाताला लावलेली क्रीम. कातडीतून ग्लुटेन आत जात नाही, पण हात तोंडाला लागतात आणि ओठावरचं पोटात जातंच.

ताईने खूप आठवलं आणि अगदी प्रामाणिकपणे सांगितलं, दुसरं काही नाही.

तिथून शोधाला सुरुवात झाली. वन्संनी कपडेपटातलं भिंग बाहेर काढलं आणि दोघी दुकानं धुंडाळायला लागल्या. मोठ्या दुकानांत काचेच्या फळ्यांवर दिवे लावून मांडलेल्या नळ्या आणि बाटल्या, आणि त्यांच्या मागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत कसली कसली नावं. गहू कुठेच गहू म्हणून लिहिलेला नसायचा. त्याचं नाव तिथे ट्रिटिकम. जव म्हणजे होर्डियम. वन्संना हे पाठ झालं तेव्हा त्यांना रागच आला. चांगला ओळखीचा गहू, आणि दाढी-मिशा लावून दुसऱ्याच नावाने वावरतोय. आयुष्यभर कपडे बदलून माणसांना राजे आणि भिकारी केलेल्या बाईला ही फसवणूक धंद्यातली वाटली. "मेला प्रत्येक प्रवेशात नव्या वेषात येतो," त्या भिंगातून बघत पुटपुटायच्या.

एका दुकानातल्या मुलीने बराच वेळ त्यांचं वाचन सोसलं आणि मग विचारलं, "काकू, तुम्हाला लावायचंय की खायचंय?"

"ओठांना लावलेलं संध्याकाळपर्यंत जातं कुठे, ते तू सांग," वन्सं म्हणाल्या.

मुलीने दुसरी लिपस्टिक काढली. ही पूर्ण नैसर्गिक आहे, त्यामुळे काळजीच नको, असं ती म्हणाली. गहू काय कारखान्यात उगवतो का, असं वन्संनी विचारल्यावर मात्र तिने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे मोर्चा वळवला. ताईला शरमल्यासारखं झालं. एकेकाळी याच फळ्यांपुढे ती उभी राहिली की दुकानदार आतला माल बाहेर काढायचा. आता ती लिपस्टिक उघडायचीसुद्धा नाही. लांबून रंग बघायची, आणि वन्सं मान हलवून ती परत ठेवायच्या.

कंपन्यांना फोन करणं हे वन्संचं दुपारचं काम झालं. आधी गाणं वाजायचं, मग एक आवाज यायचा, मग तो आवाज दुसऱ्या आवाजाकडे द्यायचा. एकाने फार नम्रपणे सांगितलं की आम्ही ग्लुटेन घालत नाही, पण नाहीच असं आम्ही म्हणू शकत नाही. वन्संनी त्याला लग्न झालंय का विचारलं. झालंय म्हणाला. मग बायकोलाही असंच उत्तर देत असशील, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्या दिवशी ताई बऱ्याच दिवसांनी पोट धरून हसली.

काही गोष्टी मिळाल्या. टूथपेस्ट मिळाली. एक साधी, वास नसलेली क्रीम मिळाली. ओठांना लावायला मेणासारखं काहीतरी मिळालं, ज्याच्या डबीवर ग्लुटेन नाही असं चक्क छापलेलं होतं. ती डबी वन्संनी देवासारखी फळीच्या मधोमध ठेवली. बदामाची म्हणून वापरत असलेल्या क्रीमच्या पोटात गव्हाच्या अंकुराचं तेल निघालं. ती बाटली वन्संनी पिशवीत बांधून कचऱ्यात टाकली आणि हात तीनदा धुतले. घरातली फळी स्वच्छ झाली. दोघींनाही वाटलं, आता सुटलो.

पुढच्या तपासणीत आकडा अजून थोडा उतरला, आणि तिथेच अडला. डॉक्टरणीने या वेळी ताईला टेबलावर झोपवलं, डोळे मिटायला लावले आणि बोटांना टोचेन, कळलं की सांगा, म्हणाली. ताई डोळे मिटून वाट बघत राहिली. खोलीत पंख्याचा आवाज होता. वन्संच्या बांगड्या वाजल्या आणि एकदम थांबल्या.

"डॉक्टर, करा ना सुरू," ताई म्हणाली.

"झालं करून," डॉक्टरीण म्हणाली.

ताईने डोळे उघडले. वन्सं तिच्या हातांकडे बघत होत्या. उजव्या हाताच्या दोन बोटांवर रक्ताचे बारीक ठिपके होते.

मग तिला सांगावंच लागलं. दोनेक वर्षांपासून बोटं मोजे घातल्यासारखी झाली होती. आधी पोलक्याची बटणं लागेनाशी झाली, म्हणून तिने हुक लावून घेतले. अंघोळीचं पाणी ती कोपराने बघायची. सांगितलं नाही, कारण सांगितलं की काम जाईल. डॉक्टरीण म्हणाली, हेही त्याचंच आहे, ग्लुटेन मज्जातंतूंना धरतं. पुरतं बंद झालं तर बोटं परत येतील कदाचित. येतील असं वचन देत नाही. असंच चालू राहिलं तर मात्र जे आहे तेही जाईल.

दुसऱ्या दिवशी वन्सं काही न सांगता रंगपटात येऊन जुन्या पेटाऱ्यावर बसल्या. थोरल्या बाईंनी आरशातून विचारलं, "काय गं, कपडेपटात परत घेतलं की काय तुला?" वन्सं म्हणाल्या, वहिनीला बोटं नाहीत, तरी ती तुमचे डोळे कशी काढते ते बघायला आलेय. बाईंनी डोळे मिटले. ताईने वडीवर कुंचला फिरवला, ओठांत धरून ओढला आणि रेघ काढली. सुरकुत्यांवरून, न अडखळता.

वन्संनी ते बघितलं. रस्त्यात येईपर्यंत थांबल्या आणि मग म्हणाल्या, "जन्मभर मी दोऱ्याचं टोक ओठात धरलं, वहिनी. पण दोरा पोटात जात नाही."

ताईला आधी कळलंच नाही त्या कशाबद्दल बोलताहेत. कळलं तेव्हा ती फुटपाथवरच उभी राहिली. माणसं तिला वळसा घालून जात राहिली.

"डॉक्टरनी इतकं विचारलं, तेव्हा तुला हे आठवलं नाही?"

"तुम्ही श्वास घेता का असं विचारलं असतं तरी मला आठवलं नसतं, वन्सं."

काळी वडी बनवणाऱ्याचा पत्ता जुना होता, पण माणूस जिवंत होता आणि फोनवर मोकळेपणाने बोलला. रंग वडीसारखा धरून राहावा म्हणून त्यात गव्हाची सत्त्वपूड असते, त्याच्या वडिलांच्या काळापासून. ताईने आपल्या खालच्या ओठावरून जीभ फिरवली. एवढी वर्षं दिवसातून कितीदा, याचा हिशेब करायला ती धजावली नाही. घरातली फळी वन्संनी भिंग लावून स्वच्छ केली होती, आणि गहू रोज दुपारी तिच्या स्वतःच्या कुंचल्यावरून, तिच्याच हाताने, आत जात होता.

वन्संनी उपाय सांगितला तो कुणीही सांगितला असता. पाण्याची वाटी घे. ताईने घेतली. कुंचला पाण्यात बुडवला, काठावर निथळला, आणि बाईंच्या पापणीवर टेकवला. रेघ मध्येच फुगली आणि सुरकुतीत झिरपली. पुसली. दुसरी कोरडी पडून तुटली. बोटांना काहीच समजत नव्हतं. गेली दोन वर्षं बोटांचं काम जीभ करत होती आणि हे तिला कुणी, तिने स्वतःनेही, सांगितलं नव्हतं. तिसऱ्या वेळी हात आपोआप तोंडाकडे गेला. रेघ बिनचूक आली.

वन्संनी कुंचल्यांच्या केसांच्या बुडाशी कडू गोळी कुटून लावली. ताई कडू तोंड करून रेघा काढत राहिली. मग त्यांनी तिला तोंडाला मास्क बांधायला लावला. दिवस संपला तेव्हा मास्कवर मधोमध काळे आडवे फटकारे होते, एखाद्या पोराने मिशी काढल्यासारखे. बाई ते बघून हसल्या आणि मग हसणं थांबवून म्हणाल्या, "काढ ते. मला रडू येतंय, आणि रंग बिघडेल."

म्हणजे रस्ता एकच. कुंचला तोंडात जाणारच असेल, तर ज्यात कणभरही ग्लुटेन नाही असा काळा रंग मिळाला पाहिजे. तो मिळाला तर बोटं परत येईपर्यंत जिभेवर निभावता येईल. मिळाला नाही तर बोटं आणि काम, दोन्हींतलं काहीतरी एक जाईल, नाहीतर दोन्ही.

पुन्हा भिंग, पुन्हा दुकानं, पुन्हा फोनवरची गाणी. पातळ आयलायनर मिळाला, तो बाईंच्या सुरकुत्यांतून ओघळला. पेन्सिल मिळाली, तिची रेघ जाड यायची आणि दिव्यांच्या उष्म्याने गालावर उतरायची. एका डबीवर सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं, पण रंग काळ्यापेक्षा राखेसारखा, रंगमंचावर डोळा विझल्यासारखा दिसायचा. मॅनेजर बिचारा वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, ताई, इतका त्रास कशाला, नवी मुलगी बाईंचा मेकअप करेल, तुम्ही बाजूला बसून सांगा. ताई हो म्हणाली आणि रंगपटाच्या मागच्या मोरीत जाऊन उभी राहिली.

आणि मग एक वडी मिळाली. लांबच्या एका छोट्या कारखान्याची, पत्र्याच्या साध्या डबीत. मागची नावं वन्संनी दोनदा वाचली, मग ताईला वाचायला लावली, मग औषधाच्या दुकानातल्या माणसाला. गहू नाही, जव नाही. फोन केला, नाही म्हणाले. ताईने कुंचला फिरवला, ओठांत धरला, ओढला. चव वेगळी होती, थोडी मातकट. रेघ आली. बाईंनी डोळे उघडले आणि आरशात दोघींची नजरानजर झाली, आणि पेटाऱ्यावर बसलेल्या वन्संनी पदराने नाक पुसलं आणि पावडरीला शिव्या दिल्या.

काही आठवडे बरे गेले. ताई जिना न थांबता चढली आणि वर जाऊन मुद्दाम खाली उतरून पुन्हा चढली. तोंड आलं नाही. एकदा तिला उजव्या अंगठ्यात मुंग्या आल्यासारख्या वाटल्या, आणि तिने वन्संना झोपेतून उठवून सांगितलं. मुंग्या आल्याचा एवढा आनंद झालेली बाई मी पाहिली नव्हती, असं वन्सं म्हणाल्या.

मग एका सकाळी तिच्या जिभेखाली फोड होता. दुसऱ्या दिवशी दोन. पोट फुगलं. ताईने वन्संपासून लपवलं, पण भात गिळताना डोळ्यांत आलेलं पाणी लपेना. मुंग्या थांबल्या आणि अंगठा पुन्हा मुका झाला. वन्संनी त्या छोट्या कारखान्यात फोन केला. या वेळी खुद्द मालक बोलला. तोही खोटारडा नव्हता. वडीत गहू नाहीच, तो म्हणाला. पण ज्या साच्यात ती दाबतो त्याच साच्यात आम्ही पावडरीच्या वड्याही दाबतो, आणि त्या पावडरीत आहे. हल्ली मागणी वाढल्यामुळे जास्तच.

"मग साचा धुता ना मध्ये?" वन्संनी विचारलं.

"पुसतो," तो म्हणाला.

वन्संनी त्याला काहीच सुनावलं नाही. फोन ठेवून त्यांनी फळीवरची भिंगाची पेटी बंद केली. ताईला त्या फोनपेक्षा त्या पेटीच्या आवाजाने जास्त कळलं.

नव्या नाटकाचा पहिला प्रयोग आला, दुपारचा. थोरल्या बाईंची भूमिका एका आंधळी होत चाललेल्या बाईची. पहिल्या अंकात डोळे टपोरे दिसले पाहिजेत, म्हणजे शेवटी जातात तेव्हा ते गेल्याचं जाणवतं. बाईंना सगळं ठाऊक झालं होतं. त्यांनी ताईला खुर्चीसमोर उभं केलं आणि स्वतःच्या हाताने तिच्या तोंडाला मास्क बांधला.

"माझ्या डोळ्यांपायी तू तुझे हात घालवायचे नाहीस," त्या म्हणाल्या.

"हात गेलेत, बाई. आता डोळे तरी राहू द्या."

"वाद घालू नकोस. घंटा होईल."

बाईंनी कुंचला ताईच्या हातून घेतला, वडीवर फिरवला, स्वतःच्या ओठांत धरून ओढला आणि टोक करून परत दिला. म्हणाल्या, घे, तुझ्याइतकं बारीक नसेल, पण गहू खाऊन पचवणारं तोंड आहे. ताईने टोक दिव्यासमोर धरलं. खरंच चांगलं होतं. पण दुसऱ्याच्या जिभेने चाखलेला रंग तिला काही सांगत नव्हता. पातळ होता की दाट, किती दाबायचं, कुठे सैल सोडायचं. तिने श्वास रोखला. बाईंनी रोखला. उजवा डोळा कसाबसा निभावला. डाव्या पापणीवर मध्येच सुरकुती आली, हात तिथे अडला आणि रेघ कानाकडे जायच्याऐवजी भुवईकडे गेली. पुसली. पुन्हा. पुसून पुसून पापणी लाल झाली आणि पाणी गळायला लागलं. पहिली घंटा झाली, दुसरी झाली. मॅनेजर दार उघडून डोकावला आणि परत गेला.

"राहू दे," बाई म्हणाल्या. अगदी मऊ आवाजात म्हणाल्या. उठल्या, पदर सारखा केला आणि वाकडी रेघ घेऊन दिव्यांत गेल्या.

ताई विंगेत उभी राहिली. तिथून तिला फक्त बाईंचा डावा डोळा दिसत होता. सबंध अंकभर ती रेघ तिच्या डोळ्यांत खुपत राहिली. एकदा बाई वळल्या तेव्हा तिला वाटलं, आता कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. शेवटी आंधळी झालेली बाई हात पुढे करून दार चाचपडते, तिथे प्रेक्षागृह गप्प झालं, आणि पडदा पडल्यावर टाळ्या थांबेनात.

रंगपटात माणसांची रीघ लागली. डोळे बोलतात तुमचे, असं जो तो म्हणत होता. ताई कोपऱ्यात कापूस आणि तेल घेऊन उभी होती. गर्दी ओसरल्यावर बाई खुर्चीत बसल्या, डोळे मिटले, आणि ताईने रंग उतरवायला घेतला. कापूस तेलाने भिजलाय की नाही हे तिने तो गालाला लावून बघितलं.

"बघितलंस ना?" बाई डोळे मिटूनच म्हणाल्या. त्यांना तिला धीर द्यायचा होता. "कुणालाही कळलं नाही."

"हो," ताई म्हणाली.

तिने डावी पापणी पुसली. एका फटक्यात सगळी रेघ कापसावर आली. नवी मुलगी उद्यापासून तुमचं करेल, मी मॅनेजरला सांगते, असं ती म्हणाली, आणि बाईंनी डोळे उघडले नाहीत, नकोही म्हणाल्या नाहीत. त्यांनी फक्त तिचा हात गालावर तसाच धरून ठेवला. ताईने मग कुंचले धुतले, टोकं फडक्याने टिपली आणि केस वर करून पेल्यात उभे केले.

वन्सं फाटकापाशी वाट बघत होत्या. अजून उजेड होता. त्यांनी नाटकाबद्दल बरंच सांगितलं, दुसऱ्या अंकातल्या पोलक्याची बाही कशी चुकलीय, कपडेपटात आता कुणाला हातशिलाई येत नाही. बाई छान दिसत होत्या, म्हणाल्या.

"डाव्या डोळ्याची रेघ दिसली का तुम्हाला?"

"कसली रेघ?"

"काही नाही."

वन्सं तिच्याकडे बघत राहिल्या. बाहीचा एक चुकलेला टाका लांबून ओळखणारी बाई होती ती, आणि तिलाही दिसली नव्हती. मग आजवर सरळ काढलेल्या रेघाही कुणाला दिसल्या होत्या, याचा विचार ताईने तिथेच सोडून दिला. रस्ता ओलांडायचा होता, गाड्या भराभर येत होत्या. वन्सं सांगत होत्या की त्या पुसतो म्हणणाऱ्या माणसाला पुन्हा फोन करून बघते, वेगळा साचा करायला काय घेशील म्हणून विचारते. ताई हूं हूं करत होती. पलीकडे पोचल्यावर तिने सहज खाली पाहिलं. वन्संनी तिचा हात घट्ट धरलेला होता. केव्हापासून, ते तिला माहीत नव्हतं.